राजीखुशीने

आमच्याकडं भावांनी बापाची जमीन नावावर करून घेतली तर त्यावर कुणी ब्र काढत नाही, पण बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायला जरा टाळाटाळ केली की भावकीत लगेच बोंब, की बघा, हिला आता वाटणी पाहिजे, नवऱ्यानं शिकवलेलं दिसतंय. नवऱ्यानंच का शिकवलं असेल, तिचं तिला सुचलं नसेल का, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. मी साताऱ्यात राहते, माहेर कोरेगाव तालुक्यात, आणि आबा, म्हणजे माझे वडील, गेल्यानंतर आमच्या घरात जे काय झालं त्यानं न्याय म्हणजे नक्की काय हा कॉलेजमधला जुना प्रश्न परत मानगुटीवर बसला.

बी.ए.ला मी तत्त्वज्ञान घेतलं होतं. आवड वगैरे काय नव्हती, खरं कारण असं की त्या विषयाचे तास लवकर संपायचे आणि गावाकडची दुपारची एस.टी. मिळायची. पण प्लेटो-अरिस्टॉटल मंडळी तेव्हा जी डोक्यात घुसली ती घुसलीच, आणि मग लग्न, नोकरी, पोरं यातनं वेळ मिळेल तसं अमेरिकेतला जॉन रॉल्स, आपले अमर्त्य सेन असं एकेक वाचत गेले. घरात याची चेष्टाच होते. असू दे.

तर आबांची जमीन साडेचार एकर, त्यातली विहिरीखालची सव्वा एकर सोडली तर बाकी सगळी पावसावरची. वारसनोंदीला आई, दादा, आक्का, मी आणि धाकटा अशी पाच नावं चढली. कायदा आता स्पष्टच आहे, ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी मुलाइतकीच हिस्सेदार, आणि त्या तारखेला वडील हयात असायलाच पाहिजेत असं काही नाही हे सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२० मध्ये सांगून टाकलं. आमच्या महाराष्ट्रानं तर १९९४ लाच पाऊल टाकलेलं, फक्त तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. पण कायदा झाला म्हणून गावात काय बदललं, तर आधी बहिणींची नावं लागतच नव्हती, आता लागतात आणि मग हक्कसोडपत्र करून काढून टाकतात. कागद वाढला एवढंच.

दादाचा फोन आला, "सोमवारी मोकळी आहेस ना, आक्का पण येतीय, निबंधकाकडं जाऊन सह्या करू आणि मग घरी जेवायलाच या." पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर मसुदा आला, टाईप होऊन, नावं-वयं-आधार नंबरसकट. त्यात लिहिलेलं, 'बहीण-भावाच्या प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने'. म्हणजे मी राजीखुशी आहे की नाही हे मला कळायच्या आधी ते टाईप करून तयार होतं. मला जमीन नको होती बरं का. कसणार कोण, आमच्या दोघांच्या नोकऱ्या, पोरगं बेंगलोरला. तरीसुद्धा तो कागद वाचून जे पोटात तुटलं त्याला काय म्हणायचं ते मला बरेच दिवस सापडत नव्हतं.

आमच्या बाजूला न्याय म्हटलं की पहिलं नाव रामशास्त्र्यांचं. साताऱ्याच्या शेजारी, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरच्या माहुलीचे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रघुनाथरावांनी प्रायश्चित्त विचारल्यावर या माणसानं तोंडावर सांगितलं की देहान्त, आणि पद सोडून पुणं सोडलं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, अजून अंगावर काटा येतो. जर्मनीत कांटनं पुढं हेच फार टोकाला नेलंय, की एखाद्या बेटावरचा अख्खा समाज उद्या विसर्जित होऊन जगभर पांगणार असेल तरी जाण्याआधी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला फाशी दिलीच पाहिजे, फायदा कुणाचा होतो हा प्रश्नच नाही. इंग्लंडचा बेंथम बरोब्बर उलट, शिक्षा ही मुळात वाईट गोष्ट, तिच्यातनं पुढचं जास्त वाईट टळणार असेल तरच द्यावी. हे वाद भारी आहेत पण ते गुन्हेगार समोर उभा असतो तेव्हाचे. आमच्या घरात गुन्हेगार कोण? दादानं आबांचं शेवटचं दुखणं काढलं, रात्र-रात्र ससूनला बसला. त्याला खलनायक करून मला काय मिळणार होतं.

मग अमर्त्य सेनांची बासरी आठवली. २००९ च्या त्यांच्या न्यायावरच्या पुस्तकात सुरुवातीलाच आहे. एक बासरी, तीन पोरं. एकजण म्हणते मला द्या, वाजवता मलाच येते. दुसरा म्हणतो मला द्या, माझ्याकडं खेळायला दुसरं काहीच नाही. तिसरी म्हणते, अहो ती मी महिनोन् महिने खपून बनवलीय. सेन म्हणतात तिघांचीही बाजू खरी, आणि यातली एकच बरोबर असं सिद्ध करणारा फॉर्म्युला मिळेलच असं धरू नका. हे वाचलं आणि आमचं घरच डोळ्यासमोर आलं. दादानं ती जमीन बनवलीय, मुरमाड रान होतं, गाळ भरला, ठिबक केलं, आलं लावून दोनदा मार खाल्ला आणि तिसऱ्यांदा उभा राहिला. आक्काला गरज आहे, भाऊजी गेल्यापासून ती कऱ्हाडला शिलाईवर घर चालवते. आणि धाकटा, चाकणला कंपनीत, तो म्हणतो रस्त्याकडंचा तुकडा मला द्या, हॉटेल टाकतो, शेतीपेक्षा चौपट काढून दाखवतो, म्हणजे हा वाजवता येणारा. (त्यानं आयुष्यात चहा स्वतः केलेला मी बघितलेला नाही, पण ते जाऊ दे.)

पण मग मी कोण? मी ती जमीन बनवली नाही, मला तिची गरज नाही आणि मला ती वाजवता पण येत नाही. सेनांच्या गोष्टीत चौथं पोरगंच नाही. ज्याला काहीच नको, जो फक्त त्याच घरात जन्माला आलाय, त्याचं काय म्हणणं असू शकतं? आणि तरीही मला ठामपणे वाटत होतं की माझं काहीतरी म्हणणं आहे.

अरिस्टॉटल वाटपाबद्दल बोलतो तेव्हा सगळ्यांना सारखं असं म्हणत नाही, तो म्हणतो सारख्यांना सारखं आणि ज्याच्या-त्याच्या लायकीच्या प्रमाणात, आणि भांडणं होतात ती लायकी कशावरनं मोजायची यावरनं. हे पटतं. आमच्या पडवीतली सगळी भांडणं याचवरनं. पण त्याचं दुसरं एक वाक्य मला जास्त लागलं. तो म्हणतो की माणसं मित्र असली की त्यांना न्यायाची गरज उरत नाही. अगदी आमच्या आत्तीचं वाक्य! "भैन-भावात कसला आलाय हक्क, रक्ताचं नातं हाय, कागदाचं न्हाई." आत्तीनं अरिस्टॉटल वाचलेला नाही आणि अरिस्टॉटलला आत्ती माहीत नव्हती, पण दोघांचं एकमत. मी जवळजवळ मान टाकली होती. मग पुढं वाचलं तर हाच माणूस जरा पुढं म्हणतो की नातं जितकं जवळचं तितका अन्याय जास्त भयंकर, परक्याला मदत न करण्यापेक्षा भावाला न करणं वाईट, साध्या नागरिकाला लुबाडण्यापेक्षा सोबत्याला लुबाडणं वाईट. म्हणजे प्रेम आहे म्हणून हिशोब नको असं नाही, प्रेम आहे म्हणून चूक जास्त महाग. आत्ती हा दुसरा भाग सांगत नाही. कुणीच सांगत नाही.

प्लेटोच्या संवादात थ्रॅसिमॅकस म्हणून एक तापट गडी आहे, तो सॉक्रेटिसला सरळ सांगतो की न्याय-बिय काही नसतं, बलवानाच्या फायद्याचं असतं त्यालाच न्याय म्हणतात. भावकीत थोडं फिरून आलं की हा माणूस खोटं बोलतोय असं म्हणवत नाही. सॉक्रेटिस त्याला गप्प करतो पण वाचणाऱ्याचं समाधान होत नाही, प्लेटोच्या भावाचं पण झालं नाही, ग्लॉकॉनचं, म्हणून तर पुढचं एवढं मोठं पुस्तक झालं. आणि प्लेटोचं स्वतःचं उत्तर काय, तर प्रत्येकानं आपापलं नेमून दिलेलं काम करावं, दुसऱ्याच्यात लुडबूड करू नये, तोच न्याय. दादानं शेती करावी, धाकट्यानं नोकरी, आम्ही सासरी नांदावं. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच जातिव्यवस्थेवर लिहिताना यावर बोट ठेवलंय, की प्लेटो माणसांना तीन खणांत भरतो, पण एकेक माणूस वेगळा असतो हे त्याला दिसलंच नाही, आणि चातुर्वर्ण्याची खोट पण तीच.

बाबासाहेब आमच्या साताऱ्याच्या शाळेत शिकले, ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांचं नाव इथं हायस्कूलला दाखल झालं, राजवाड्याजवळची ती शाळा आजही आहे. वर्गात बसायला घरनं गोणपाट न्यायचं, पाणी शिपाई वरनं ओतेल तेव्हाच प्यायचं, शिपाई नाही तर पाणी नाही. त्यांच्या आठवणींत १९०१ चा एक प्रवास आहे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला, ही पोरं साताऱ्याहून रेल्वेनं मसूरला उतरली, न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तरनं विचारलं कोण तुम्ही, जात कळली आणि एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एकजण तयार झाला, अट अशी की भाडं दुप्पट आणि बैलगाडी पोरांनी स्वतः हाकायची, तो शेजारून चालणार.

मी हा प्रसंग रॉबर्ट नॉझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाच्या शेजारी ठेवून बघते कधीकधी. १९७४ मध्ये त्यानं मांडलं की मालकी जर नीट मार्गानं आली असेल आणि व्यवहार दोन्हीकडनं स्वखुशीनं झाला असेल तर जे काय वाटप होईल ते न्याय्यच, शेवटी कुणाकडं किती राहिलं ते बघायचं कारण नाही. आता मसूरला काय झालं? गाडीवानानं भाव सांगितला, पोरांनी मान्य केला. गाडी गाडीवानाची होती, पैसे पोरांचे होते, कुणी कुणाचा हात पिरगाळला नाही. कागद केला असता तर त्यात सुद्धा 'राजीखुशीने' लिहिता आलं असतं. नॉझिकच्या बाजूनं एवढं सांगायला पाहिजे की जुन्या अन्यायाची दुरुस्ती करावी लागेल हे त्यानं पण मान्य केलंय, पण ती कशी करायची ते त्यानं जवळजवळ मोकळंच सोडलंय, आणि खरी अडचण तर सगळी तिथंच आहे. संध्याकाळच्या वेळी स्टेशनवर अडकलेल्या पोराची खुशी आणि माहेर तुटेल या भीतीनं सही करणाऱ्या आक्काची खुशी, या दोन्ही एका माळेत बसवायच्या की नाही? मला वाटतं बसवायच्या. जातीची आग आणि घरातली धग एक नव्हे हे मला कळतं, पण 'नाही म्हणायची सोय नव्हती' एवढी गोष्ट दोन्हीकडं सारखी आहे. आणि हाच मुलगा पुढं कायदेमंत्री झाला, मुलींना वारसा हक्क देणारं हिंदू कोड बिल त्यानं आणलं, ते रखडवलं गेलं तेव्हा १९५१ ला राजीनामा दिला, राजीनाम्याच्या कारणांत ते एक मोठं कारण होतं. कोरेगाव तालुक्यातल्या एका विहिरीवर माझा पाचवा हिस्सा लागला त्याचा धागा असा पार तिथपर्यंत जातो.

रॉल्सबद्दल माझं प्रेम आणि राग दोन्ही आहे. १९७१ चं त्याचं ते प्रसिद्ध लॉजिक, की आपण कोण म्हणून जन्माला येणार, गरीब का श्रीमंत, धडधाकट का अपंग, हे माहीत नसताना नियम ठरवायला बसा, तरच नियम सगळ्यांना न्याय देणारे होतील. मी मनातल्या मनात आम्हा चौघांना आईच्या पोटात जायच्या आधी पडवीत बसवलं. कुणाला माहीत नाही कोण दादा होणार, कोण आक्का. आता सांगा, 'मुलींनी प्रेमापोटी हक्क सोडायचा' हा नियम कोण पास करेल? धाकटा तर सगळ्यात आधी नको म्हणेल, तो लई सावध आहे. इथपर्यंत मजा येते. पण रॉल्सनं त्या बैठकीला बोलावलंय कुणाला, तर मूळ मांडणीत कुटुंबप्रमुखांना! १९८९ मध्ये सुझन मोलर ओकिन या बाईंनी त्याला यावरनंच धरलं, की कुटुंबाच्या आत न्याय आहेच असं तू गृहीत धरलंस, आणि अर्ध्या लोकांचा अन्याय तर आतच होतो. मला ते वाचताना आमचा जुना सातबारा आठवला. आबांच्या नावापुढं तलाठ्यानं लिहिलेलं असायचं ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. मॅनेजर कागदावर, बाकी सगळं कुटुंब त्या तीन अक्षरांच्या मागं. आजोबांच्या मागं आत्ती होती, तिला कुणी कधी विचारलं नाही, आणि आता तीच आम्हाला सांगते हक्क कसला.

विचारलं नाही. हेच होतं ते. मला ते नीट उमगलं ते मात्र फिलॉसॉफीच्या पुस्तकात नाही, सांगली जिल्ह्यात. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडीला लोकांनी बळीराजा धरण बांधलं, ऐंशीच्या दशकातली गोष्ट, नदीतली थोडी वाळू विकून पैसा उभा केला, मुक्ती संघर्ष चळवळीची माणसं त्यात होती. तिथं ठरलं की पाणी जमिनीला नाही, कुटुंबाला, आणि भूमिहीन कुटुंबाला पण. त्याच्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदरच्या नायगावला विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायतीत तेच केलं होतं, माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच एकर, उसाला पाणी नाही आणि भूमिहीनालाही हिस्सा. माझ्या सासऱ्यांना हे कधी पटलं नाही, ज्याला रानच नाही तो पाणी घेऊन काय करणार, आंघोळ? प्रश्न चुकीचा नाहीच. बासरीच्या हिशोबानं बघा, भूमिहीनानं धरण एकट्यानं बांधलं नाही, त्याला वाजवता येत नाही, गरज असली तरी पाणी टाकायला वाफा नाही. पण हिस्सा त्याच्या नावावर आला की तो कुणाचं तरी रान वाट्यानं करू शकतो, आणि ज्याच्याकडं दहा एकर आहे त्याला याच्या दारात येऊन विचारावं लागतं, की बाबा, तुझं पाणी यंदा काय करतोस. पाण्यानं त्याचं पोट किती भरलं याचा हिशोब माझ्याकडं नाही. त्याच्या दारात कुणीतरी विचारायला आलं, मला ते मोठं वाटतं.

सगळे मोठे लोक विचारतात की कुणाला किती मिळावं. गरजेप्रमाणं, कष्टाप्रमाणं, लायकीप्रमाणं, सगळ्यांना सारखं. मला वाटतं त्याच्या आधी एक पायरी आहे, की कुणाला विचारल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. ज्याला विचारावंच लागतं तो माणसांत जमा. ज्याची सही गृहीत धरतात त्याला तुम्ही उद्या दुप्पट दिलं, ताटभर साडी-चोळी केली, तरी ते देणं झालं, वाटप नाही झालं. उदारपणा सुद्धा त्यालाच करता येतो ज्याचं काहीतरी आहे. माझा हिस्सा आधी माझा आहे असं म्हणा, मग मी तो सोडते का बघा. दादाला मी फोनवर साधारण हेच सांगितलं, एवढं शहाणपणानं नाही, बरंच रडत-ओरडत. तो म्हणाला, "म्हंजे कोर्टात जाणार तू?" मी म्हणलं, "पडवीत येणार, तू बस माझ्याबरोबर." त्यानं फोन ठेवला आणि बरेच दिवस उचलला नाही. वहिनीचे स्टेटस तेवढे दिसायचे, सगळे नात्यांवरचे सुविचार.

शेवटी आईनं बसवलं. आई त्या पाचातली एक हिस्सेदार, पण तिच्याकडं मसुदासुद्धा आला नव्हता कारण तिला कोण विचारणार, ती दादाकडंच असते. ती म्हणाली, माझ्या हिश्शाचं मी ठरवीन, आणि सगळे एकदम गप्प झाले, कारण हिचा पण हिस्सा आहे हे आमच्यापैकी दादाला सोडा, मला पण त्या क्षणापर्यंत नीट जाणवलं नव्हतं. वाद झालेच. धाकटा हॉटेलवर अडला होता, दादा ठिबकच्या बिलांची पिशवी घेऊन बसला, खरंच सगळी बिलं, पाईपची, मोटरीची, गाळाच्या ट्रॅक्टरची, काहींची शाई उडालेली. त्या पिशवीकडं बघून मला दोघांचं पटत होतं, त्याचं पण आणि माझं पण, आणि सेनांचं म्हणणं तिथं पहिल्यांदा अंगात उतरलं, की खरंच सगळ्यांचं बरोबर असू शकतं आणि तरी उठायच्या आधी काहीतरी ठरवावं लागतं. ठरलं ते असं. आक्काला विहिरीकडचे वीस गुंठे आणि आठवड्यातला एक दिवस पाण्याची पाळी, माझा हिस्सा मी दादाला सोडायचा, धाकट्याला रस्त्याकडं पण त्याच्या वाटणीपेक्षा जरा कमी, आणि आईचं आईच्या नावावरच. दादाच्या कष्टाचं माप माझ्या हिश्शातनं निघालं असं म्हणा हवं तर. धाकटा अजून नाराज आहे. रॉल्स पण असता बहुतेक. मोजणीचे पैसे भरलेत, तारीख यायची आहे, आणि वाटप होऊन नवीन सातबारा हातात येईपर्यंत काय काय होईल ते तलाठी आणि देव जाणे.

निबंधकाच्या ऑफिसात माझ्या हक्कसोडपत्रावर तेच शब्द होते, राजीखुशीने, दबावाशिवाय. त्या छोट्या कॅमेऱ्याकडं बघा म्हणाले, अंगठा ठेवला, फोटोत माझे डोळे अर्धवट मिटलेले आलेत.

आक्काचे वीस गुंठे दादाच करतोय, निम्म्या वाट्यानं. परवा त्यानं तिला फोन केला, "आक्का, तुझ्या रानात आलं लावू का सोयाबीन?" आक्कानं मग मला फोन केला, आल्याचा भाव काय चाललाय गं, मी कोरेगावच्या एका व्यापाऱ्याला विचारून गाडीचा दर तिला कळवला, पाचशे किलोची गाडी, दर बरा होता पण तिला काय रिस्क नको वाटली. तिनं दादाला सांगितलं सोयाबीन. दादा म्हणे, "तुला काय कळतंय शेतीतलं." आक्का म्हणाली, "नसंल कळत. पण सोयाबीनच." आता गेले दोन दिवस दोघांचं यावरनं जुंपलंय आणि वहिनी मला सांगते, तुमीच सांगा तिला, बियाणं आणायचा टाईम झालाय.